त्र्यंबकला बिऱ्हाड

सुट्टी संपत आली की शेवटच्या संध्याकाळी माणसाला एक विचार हटकून सुचतो: आपण इथेच राहायला आलो तर? माथेरानच्या तांबड्या मातीत तो सुचतो, महाबळेश्वरच्या गारव्यात सुचतो, आणि गुहागर-हर्णैच्या वाळूत बसले असताना तर सुचल्यावाचून राहतच नाही. सामान बांधताना आपण तो विचारही पिशवीत कोंबतो. पण बहुधा तो वाटेतच कुठेतरी पडून जातो. घरी आल्यावर दूधवाल्याचा हिशेब, मुलांचे गणवेश आणि सकाळची गाडी यांच्यापुढे त्याची आठवणही राहत नाही.

आमचा विचार मात्र कसाऱ्याचा घाट उतरूनही शाबूत राहिला. नुसता शाबूत राहिला नाही, तर ठाण्याला घरात पाऊल टाकताच त्याने कागद-पेन्सिल मागितली. ही गोष्ट २०२२ सालची. गाव समुद्रकाठचे नव्हे, डोंगराच्या कुशीतले. नाशिकपासून २८ किलोमीटरवरचे त्र्यंबकेश्वर. पण चार दिवसांसाठी येणाऱ्या माणसांवर ज्या गावांची चूल पेटते, ती सगळी गावे एकाच घराण्यातली. मग समोर समुद्र असो की ब्रह्मगिरी.

त्र्यंबकला यांच्या आत्याबाई राहतात. कुशावर्तापासून दोन गल्ल्या आत त्यांचे जुने दुमजली घर आहे. खाली ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर. वर तीन खोल्या. आत्याबाईंचे यजमान शाळेत मास्तर होते, आणि वरच्या खोल्या यात्रेकरूंना उतरायला देण्याची त्यांच्या घरची तीन पिढ्यांची वहिवाट. नुसत्या दर्शनाला आलेला माणूस संध्याकाळच्या गाडीने परत जातो. पण नारायण नागबलीला आलेल्याला तीन दिवस राहावे लागते. त्यामुळे खोल्या सहसा रिकाम्या नसत. पुढे मास्तर गेले. मूलबाळ नव्हते. २०२० साली टाळेबंदी आली, देऊळ बंद झाले, आणि ज्या गल्लीत धक्का लागल्यावाचून चालता येत नसे, तिथे आत्याबाईंना दिवसचे दिवस पावलांचा आवाजही ऐकू येईनासा झाला. तेव्हा त्या ऐंशी वर्षांच्या होत्या.

टाळेबंदीने इकडे आमच्याही घराचे रूप पालटले. यांचे काम संगणकावरचे. कचेरीने घरून काम करायला सांगितले आणि साथ ओसरल्यावरही ते तसेच चालू ठेवले. महिन्यातून एकदा तोंड दाखवून आले की झाले! म्हणजे आमच्या दोन खोल्यांतली एक कायमची कचेरी झाली. थोरली नववीत जाणार होती; तिला अभ्यासाला कोपरा हवा. धाकटा नऊ वर्षांचा, आणि त्याला दमा. आमच्या समोरच्या रस्त्याचे काम वर्षानुवर्षे चाललेले. खिडकीच्या गजांवरची सकाळी पुसलेली धूळ संध्याकाळी पुन्हा हजर. पोराच्या दप्तरात डब्याइतकाच त्याचा पंपही न विसरता घालावा लागे. राहता राहिले मी. मी एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. तेव्हा नोकरीला सतरा वर्षे झाली होती.

त्या मे महिन्यात आम्ही चौघे आत्याबाईंकडे चार आठवडे राहिलो. काय सांगू त्या दिवसांचे सुख! सकाळी देवळाच्या घंटेने जाग यायची. ओटीवर उभे राहिले की ब्रह्मगिरीचा काळा कडा अगदी अंगावर आल्यासारखा दिसायचा. पाड्यावरच्या बाया पानांच्या द्रोणांतून करवंदे विकायला आणायच्या. आत्याबाई नागलीची भाकरी थापायच्या, आणि ठाण्यात पोळीला नाक मुरडणारी आमची मुले ती लसणाच्या चटणीशी मागून मागून खायची. एका सकाळी आम्ही गंगाद्वाराच्या पायऱ्या चढलो. मी दर पन्नास पायऱ्यांनी थांबत होते. धाकटा मात्र पुढे धावत गेला आणि वरून मला हाका मारू लागला. मी त्याच्या छातीकडे पाहिले. ती शांत होती. पंप माझ्या पिशवीत तसाच पडून होता. तो क्षण मी विसरलेली नाही, आणि पुढे जे काही झाले त्याचे मूळ त्या क्षणातच आहे.

गावात गर्दी होती, नाही असे नाही. मे महिना म्हणजे सगळ्यांच्याच सुट्टीचा. पण आम्हीही सुट्टीवरच होतो, आणि सुट्टीवरच्या माणसाला गर्दीसुद्धा जत्रेसारखी गोड वाटते. एकदा अंजनेरीकडे गेलो असताना डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढण चढणाऱ्या बायका दिसल्या. थोरलीने विचारले, "आई, इथं तर एवढा पाऊस पडतो म्हणतात. मग पाणी जातं कुठं?" मी शिक्षिकेच्या आवाजात तिला समजावले की, हा काळा खडक पाणी मुरू देत नाही, उतारावरून ते धो धो वाहून जाते, आणि गोदावरीच्या उगमाच्या तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर पाण्याचे हाल होतात. समजावले आणि पुढे निघाले. जिथे राहायला यायचे आहे त्या गावाने दिलेली ही पहिली सूचना होती, हे माझ्या लक्षात आले नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री आत्याबाईंनी यांना जवळ बसवून घेतले.

"घर तुझ्या नावावर करते," त्या म्हणाल्या. "एकच अट आहे. राहायला आलं पाहिजे. माझ्यामागं या घराला कुलूप नको."

"आत्या, तू असं काही बोलू नकोस," हे म्हणाले. पण त्यांचे डोळे चकाकले होते, आणि खोटे कशाला सांगू, माझेही!

ठाण्याला आल्यावर यांनी कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मारली. डावीकडे ठाणे, उजवीकडे त्र्यंबक. ठाण्याची जागा भाड्याने दिली तर महिना पंचवीस हजार. त्र्यंबकला वरच्या दोन खोल्या यात्रेकरूंना दिल्या तर त्याचे इतके. शाळेची फी, रिक्षा, भाजी, वीज यांत बचत इतकी. डॉक्टरांचा खर्च जवळजवळ शून्य. तळाला 'सिंहस्थ' असाही एक रकाना होता, कारण बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ २०१५ साली होऊन गेला होता आणि पुढचा २०२७ मध्ये शिगेला पोहोचायचा होता. देवाच्या पर्वणीलाही आमच्या जमाखर्चात जागा मिळाली. आणि उजव्या बाजूला, सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती: 'हिची नोकरी – बघू.'

मी गणिताची मास्तरीण. साऱ्या बेरजा तपासल्या. एकही चुकलेली नव्हती. पण परीक्षेच्या वहीत कधी कधी असे होते की, रीत बरोबर असते, बेरीज बरोबर असते, आणि मुलाने उदाहरणच चुकीचे उतरवून घेतलेले असते. तसे काहीसे मला वाटले.

"'बघू' म्हणजे काय?" मी विचारले.

"अगं, तिथंही शाळा आहेतच की."

"शाळा आहेत. पण त्यांतल्या जागा माझ्यासाठी रिकाम्या ठेवल्यात का?"

हे गप्प राहिले. मीही पुढे ताणले नाही, कारण माझे मन स्वच्छ नव्हते. एका पारड्यात सतरा वर्षांची नोकरी आणि दुसऱ्यात पोराचा श्वास घातल्यावर तराजू कुठे झुकेल, हे कुठल्याही आईला विचारून पाहावे. मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदासुद्धा तयार केला होता. तो फार सुरेख उतरला होता.

त्या दिवसांत मला सारखी एका दुसऱ्या बिऱ्हाडाची आठवण येई. आपल्या चित्रपटांचे जनक दादासाहेब फाळके हे त्र्यंबकचे. ३० एप्रिल १८७० रोजी ते तिथे जन्मले. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईत अध्यापनाचे काम मिळाले आणि फाळक्यांचे बिऱ्हाड त्र्यंबकहून मुंबईला हलले. मुलगा १८८५ साली जे. जे. कलाशाळेत दाखल झाला, आणि १९१३ साली त्याने 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आणला. ते बिऱ्हाड हलले नसते तर? आत्याबाईंच्या गल्लीतही प्रत्येक घरातले एखादे तरी माणूस नाशिक, पुणे, मुंबई गाठून आहे. तिथली माणसे कामासाठी बाहेर पडतात, आणि आम्ही विसाव्यासाठी आत शिरायला निघालो होतो.

मी हे यांना बोलून दाखवले. हे काही कमी नाहीत. म्हणाले, "पण फाळके उतारवयात नाशिकलाच आले की नाही?"

"आले," मी म्हटले, "पण आधी काम करून."

जुलैत आत्याबाईंचा फोन आला. राजीनामा द्यायचा तर शाळेला आधी कळवावे लागणार होते, म्हणून हे त्यांना तारीख विचारीत होते. आत्याबाई म्हणाल्या, "मे महिन्यावर जाऊन काही ठरवू नका. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी या. आणि सोमवार झाला की पळू नका. मंगळवारी राहा."

त्या वर्षी श्रावणातला तिसरा सोमवार नेमका १५ ऑगस्टला आला होता. शनिवार-रविवार जोडून, शिवाय मंगळवारी पारशी नववर्षाची सुट्टी. असा योग सोडतो कोण! आम्ही शनिवारी संध्याकाळी भिजत भिजत त्र्यंबकला पोहोचलो.

घर तेच होते आणि ते नव्हतेही. नाशिकपेक्षा दुपटीहून जास्त पाऊस या गावात पडतो, हे मी मुलांना नकाशावर शिकवू शकले असते. पण दुपटीचा पाऊस घरात कसा राहतो ते मला ठाऊक नव्हते. चुलीवर दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले होते आणि तरी ते वाळत नव्हते. मिठाला पाणी सुटलेले. काडेपेटी पदराखाली ऊब दिल्यावर पेटायची. मे महिन्यात ज्या वरच्या खोलीत आम्ही झोपलो होतो, तिच्या भिंतीवर बुरशीचे हिरवे-काळे नकाशे उमटले होते. गोधडीला ओला वास येत होता. खिडकी उघडली तर ब्रह्मगिरी नाहीसा. नुसते पांढरे धुके आत येई.

"मी एकोणिसाव्या वर्षी पुण्याहून लग्न होऊन आले," आत्याबाई म्हणाल्या, "आणि पहिला पावसाळाभर रोज रडले. मास्तर म्हणायचे, सप्टेंबरपर्यंत दम धर. साठ-बासष्ट वर्षं झाली, दर वर्षी धरते."

रविवारी दुपारपासून माणसे येऊ लागली. तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी म्हणजे काय, हे ऐकून कळायचे नाही. साथीमुळे दोन वर्षे फेरी झाली नव्हती. त्या दोन वर्षांची माणसेही जणू त्याच रात्री आली. कुशावर्तावर स्नान करायचे, देवाला हात जोडायचे आणि अनवाणी डोंगराला प्रदक्षिणा घालायची. लहान फेरी सुमारे वीस किलोमीटरांची, मोठी त्याच्या दुप्पट. भर पावसात, चिखलात, रात्रभर. म्हातारी माणसे होती, कॉलेजातली पोरे होती, कडेवर मूल घेतलेल्या बाया होत्या. 'बम बम भोले'चा गजर थांबत नव्हता. थोरली आणि मी ओटीवर उभ्या राहून पाहत होतो. मला भरून आले. आणि नेमके तेव्हाच वरून यांची हाक आली.

धाकट्याला धाप लागली होती. बुरशीच्या भिंतीला टेकून तो उशीत वाकून बसला होता, आणि त्याच्या छातीतून ती ओळखीची शीळ वाजत होती. पंप दिला, पुन्हा दिला. उतार पडेना. रात्रीचा एक वाजलेला. गल्लीत रिक्षा येणे शक्यच नव्हते. यांनी त्याला खांद्यावर घेतले, मी डोक्यावर छत्री धरली, आणि आम्ही त्या माणसांच्या लोंढ्यात उलटे शिरलो.

पहिली दहा पावले मला वाटले, आपण पोहोचत नाही. मग कुणीतरी ओरडले, "लेकरू आजारी आहे, वाट द्या!" ते शब्द पुढे पुढे जात राहिले. आमच्या पुढ्यात ती गर्दी दुभंगत गेली. कुणी कुणाला ओळखत नव्हते. तोंडे पाहायला उजेडही नव्हता. पण सरकारी दवाखान्याच्या दारापर्यंत आम्हाला वाट मिळाली. यात्रेच्या गर्दीविषयी मी पूर्वी पुष्कळ कडवट बोलले आहे. त्या रात्रीनंतर बोललेली नाही.

दवाखान्यात डॉक्टर होते, नर्सबाई होत्या, आणि वाफेतून औषध देण्याचे यंत्र होते. पोराच्या नाकातोंडावर मास्क लावला. पहाटे तीनच्या सुमारास त्याचा श्वास मार्गी लागला. डॉक्टर म्हणाले, "उतार पडला नसता तर नाशिकला पाठवावं लागलं असतं. गाडी तयार होती. पण आज रस्ता कसा आहे, बघताय ना."

तो झोपल्यावर नर्सबाईंनी मला चहा दिला. बाई खानदेशातल्या, बदली होऊन आलेल्या. नवरा दूर नोकरीला, दोन मुले गावाच्या टोकाला एका गळक्या खोलीत झोपलेली, शेजारणीच्या भरवशावर.

"फेरीला आलात?" त्यांनी विचारले.

"नाही. इथं राहायलाच यायचं म्हणतोय."

"असं? मग इथं काय काम असतं तुमचं?"

प्रश्न अगदी साधा होता. बदलीच्या गावी माणसे एकमेकांना पहिला विचारतात तो. पण मला उत्तर देता येईना. यांचे काम ठाण्यातल्या कचेरीचे, ते केवळ इथे बसून होणार. माझे काम 'बघू'. त्या बाईंचे इथे काम होते. डॉक्टरांचे होते, रात्रभर बेलाच्या जुड्या बांधणाऱ्या बायांचे होते, पुरोहितांचे होते, रिक्षावाल्यांचे होते. गावात ज्याला काम नसते तो यात्रेकरू. आणि यात्रेकरूने कायमचे राहायचे ठरवले, तर तो गावकरी होतो की नुसताच परत न गेलेला यात्रेकरू?

सोमवार आम्ही माजघरात, शेगडीच्या उबेशी बसून काढला. सकाळी कुठल्याशा शाळेतून झेंडावंदनाचे गाणे ऐकू आले आणि लगेच गजरात बुडून गेले.

मग मंगळवार उजाडला, आणि आत्याबाईंनी 'मंगळवारी राहा' असे का म्हटले होते ते कळले. गाव रिकामे झाले होते. पाऊसही दमल्यासारखा बारीक पडत होता. झाडणारी माणसे फावड्यांनी चपला, बाटल्या आणि चिखलाने माखलेल्या पिशव्या गोळा करीत होती. हारवाला आपल्या टोपलीला टेकून झोपला होता. गोदावरी पाहायला गेलो. जिच्यासाठी एवढे लोक येतात, ती गावात बराच भाग काँक्रीटखाली झाकलेली. जिथे उघडी होती तिथे कालच्या यात्रेचे सारे उष्टे पोटात घेऊन चालली होती. गौतम ऋषींची कथा मला आठवली. ब्रह्मगिरीवर उतरलेली गंगा सारखी निसटून जाई, तेव्हा त्यांनी कुशाचा बंध घालून तिला अडवले, तेच कुशावर्त. गंगेला अडवायला गवत पुरले. संसार एका ठिकाणी रुजायला मात्र दुसरेच काही लागते.

निवृत्तिनाथांच्या समाधीशी थोडा वेळ बसलो. विठ्ठलपंत आपली बायको आणि चार मुले घेऊन याच डोंगराच्या फेरीला आले होते, असे परंपरा सांगते. वाघाच्या भीतीने पळापळ झाली, थोरला निवृत्ती चुकून गहिनीनाथांच्या गुहेत शिरला, आणि पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. तेही कुटुंबच होते. पण हवापालटासाठी आलेले नव्हते. समाजाने त्यांना जागा ठेवली नव्हती. आम्हाला कुणी हुसकले होते? समोरच्या रस्त्याच्या धुळीने!

संध्याकाळी आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले. काय बोलावे याची जुळवाजुळव करीत होते, तोच त्या म्हणाल्या, "सूनबाई, तुमचं येणं होत नाही, हे मला कळलंय. माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नकोस."

"आत्याबाई, तसं नाही..."

"तसंच आहे. आणि एक सांगते, चूक माझी आहे. टाळेबंदीत एकदा पंधरा दिवस मी कुणाशी बोलले नव्हते. रात्री वाटायचं, आपण मेलो तर किती दिवसांनी कळेल? 'मला भीती वाटते, कुणीतरी या', एवढंच सांगायचं होतं. पण त्याची लाज वाटली. म्हणून म्हटलं, घर देते." तांदळातला एक खडा काढून त्यांनी बाजूला टाकला. "एका म्हातारीच्या भीतीपायी चार माणसांनी मुळं उपटून यायची, हे काही शहाणपण नव्हे."

मला रडू आले, आणि त्याचबरोबर त्या कागदातली चूक सापडली. उदाहरणच चुकीचे उतरवले होते ते असे. आत्याबाईंना सोबत हवी होती, आणि त्यांनी ते घर म्हणून सांगितले. आम्हाला न संपणारी सुट्टी हवी होती, आणि आम्ही ते मुलाची तब्येत म्हणून सांगितले. मुलाची तब्येत खोटी नव्हती. पण ती पुढे करून आम्ही आपला कंटाळा तिच्यामागे लपवला होता. ज्याने त्याने आपली गरज दुसऱ्याच नावाने लिहिली, आणि मग बेरीज करीत बसलो.

एकदा गरजा त्यांच्या खऱ्या नावांनी मांडल्यावर उत्तर फार अवघड राहिले नाही. ठाण्याच्या डॉक्टरांनी समजावले की, दमेकऱ्याला 'चांगली हवा' असे एखादे गाव नसते. कोरडी, स्वच्छ, ऊन येणारी खोली आधी बघायची. धूळ बाधते तशी ओल बाधते, आणि भिंतीवरची बुरशी तर फारच. आम्ही रस्त्याकडच्या खिडकीखालचा त्याचा बिछाना आतल्या खोलीत हलवला, जुने पडदे आणि गाद्या काढल्या. पंप सुटला नाही, पण कमी झाला. तो आता उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात त्र्यंबकला जातो, पावसाळ्यात नाही.

आत्याबाईंच्या सोबतीचा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला. दवाखान्यातली ती गोष्ट मी त्यांना सांगितली होती. आठवड्याभराने त्यांचा फोन आला, "त्या नर्सबाईंना वरच्या खोल्या देऊन टाकल्या. भिंती खरवडून चुना मारून घेतला. भाडं नावाला घेते. दोन पोरं दिवसभर जिन्यात धडधडतात, कान किटले माझे!" किटलेल्या कानांचा एवढा आनंद मी कुणाच्या आवाजात ऐकला नव्हता. घराला कुलूप लागले नाही. त्या घरात अशी माणसे आली, ज्यांना गावात काम होते.

आणि हे? यांचे काम कुठेही बसून होते, ही गोष्ट तर खरीच होती. तेव्हापासून हे दर महिन्याला आठवडाभर त्र्यंबकला जातात, माजघरात टेबल लावून कचेरीचे काम करतात, आत्याबाईंची औषधे आणि बँकेची कामे पाहतात. जाताना ठाण्याहून त्यांची यादी घेऊन जातात. मी शाळेच्या सुट्ट्यांत जाते. राजीनाम्याचा तो सुरेख मसुदा मनातच राहिला. थोरली २०२४ साली दहावी झाली. तिच्या वर्गाला गणित मीच शिकवले.

आम्ही बरोबर केले का? कधी कधी पहाटे समोरच्या रस्त्यावरचे यंत्र घरघरू लागले की मला गंगाद्वाराच्या पायऱ्यांवरून आलेली ती हाक आठवते, आणि मनात चुटपुट लागते. ती लागणारच. त्र्यंबकेश्वराचे आजचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली बांधायला घेतले आणि ते १७८६ साली पुरे झाले, असे सांगतात. देवाच्या घराला एकतीस वर्षे लागली. आमच्या घराचा निकाल तीन महिन्यांत आणि एका कागदावर कायमचा लागला, असे मी तरी कशाला म्हणू? मी निवृत्त झाल्यावर, कदाचित, उदाहरण नव्याने मांडू.

पण यंदाच्या सुट्टीत ज्यांच्या मनात हा विचार येईल, मग ते गाव डोंगरातले असो की समुद्रकाठचे, त्यांना आत्याबाईंचाच सल्ला देते. त्या गावाच्या सगळ्यांत वाईट दिवशी तिथे जा, आणि दुसऱ्या दिवशी राहा. रात्री दीड वाजता डॉक्टर कुठे मिळतो ते पाहा. मे महिन्यात पाणी कुठून येते ते विचारा. आणि कुणी तुम्हाला 'इथं काय काम असतं तुमचं?' असे विचारले, तर घरातल्या प्रत्येकाजवळ उत्तर आहे ना, एवढे बघा.

दिवाळी झाली की पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमेला त्र्यंबकला रथ निघतो. आम्ही जाणार आहोत. आत्याबाई आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, पण त्यांची यादी कालच आली: चकलीची भाजणी, कानाच्या यंत्राचे सेल, आणि नर्सबाईंच्या धाकट्यासाठी भूमितीची पेटी. खाली एक ओळ होती, 'गरम कपडे आणा. चारच दिवस राहणार असलात तरी.'